तराजू जुना, झडप जुनी, मग भिसेंच्या शोधात नवीन काय होतं?

१८९० च्या दशकाचा शेवट. लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लावली. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप तोलून गिऱ्हाइकाला देणारं यंत्र सुचवायचं होतं. साहेबाच्या देशातली ही स्पर्धा मारली मुंबईच्या एका मराठी माणसाने. नाव शंकर आबाजी भिसे.

आता कुणी म्हणेल, त्यात काय विशेष? तराजू जुना, झडप जुनी, डबाही जुनाच.

पेटंटच्या दुनियेत सगळी भांडणं इथेच होतात. जुने भाग जोडले म्हणून पेटंट मिळतंच असं नाही, आणि भाग जुने आहेत म्हणून ते नाकारलंही जात नाही. त्या धंद्यातल्या जाणकार कारागिराला ही जोडणी सहज सुचली असती का, एवढंच बघायचं. तेही शोध लागायच्या आधीच्या दिवशी उभं राहून. कारण उत्तर कळल्यावर कोडं सगळ्यांनाच सोपं वाटतं.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १८५१ मध्ये असंच एक प्रकरण गाजलं. दाराची मूठ धातू-लाकडाऐवजी भाजलेल्या मातीची केली, एवढ्यावर पेटंट टिकलं नाही.

२९ एप्रिल १८६७ ला जन्मलेले भिसे मात्र मूठ बदलणाऱ्यांतले नव्हते. दिनशा वाच्छांची चिठ्ठी घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे पोहोचले. छपाईत तेव्हा लायनोटाइप आणि मोनोटाइपचा दबदबा होता. तरी भिसेंनी खिळे झपाट्याने ओतणारं ‘भिसोटाइप’ काढलं. डोकं होतं, पैसा नव्हता. १९०८ मध्ये गडी हात हलवत मायदेशी निघाला. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, त्यांच्यामुळे रतन टाटांची ओळख झाली आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं. पुढे भिसे अमेरिकेत गेले. ‘भारताचे एडिसन’ म्हणून गाजले आणि ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये वारले.

आज नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एखाद्या पोराने वायरिंगचे सुटे कनेक्टर एकमेकांत बसवून नवीन जोड तयार केला, तर त्यालाही हाच प्रश्न विचारला जाईल. भारताच्या पेटंट कायद्यातही जाणकाराला उघड न वाटणारं पाऊल लागतंच. प्लग जुना, सॉकेट जुना, हे उत्तर पुरत नाही. ती जोडणी आधी कुणाला का सुचली नाही, हे बघावं लागतं.