आंद्रेस एस्कोबार : एका स्वयंगोलची किंमत
कोलंबियाच्या मेडेयीनमध्ये १९६७ साली जन्मलेला हा बचावपटू. कुख्यात पाब्लोशी फक्त आडनाव एक, नातं काहीच नाही. डोकं शांत, खेळ स्वच्छ. लोक त्याला फुटबॉलमधला सभ्य माणूस म्हणत. १९८९ मध्ये नासिओनाल क्लबला दक्षिण अमेरिकेचा चषक जिंकून दिला, मग स्वित्झर्लंडच्या यंग बॉईजकडून खेळून तो मायदेशी परतला.

२२ जून १९९४. विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध क्रॉस अडवायला पाय घातला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात! कोलंबिया २-१ ने हरली, गटातच गारद झाली. तरी तोंड न लपवता तो घरी आला. २ जुलैच्या पहाटे मेडेयीनमध्येच त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं २७.

बचावपटूने अडवलेले चेंडू कुणी मोजत नाही, चुकलेला एक मात्र जन्मभर मोजतात. पण त्याच्या अंत्ययात्रेला लाखावर माणूस लोटला, तो हिशेब चुकता करायलाच.