अण्णाभाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट, इ.स. १९२० - १८ जुलै, इ.स. १९६९) हे मराठी लेखक व शाहीर होते. गिरणी कामगार, झोपडपट्टीतील रहिवासी आणि पोटासाठी शहरात आलेली माणसे यांना त्यांनी मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले.

जीवन

अण्णाभाऊंचा जन्म वाटेगाव (तालुका वाळवा, सध्याचा सांगली जिल्हा) येथे मातंग कुटुंबात झाला. शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ मिळाले नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस हे कुटुंब पायी चालत मुंबईस आले. तेथे अण्णाभाऊंनी कोळसा वेचण्यापासून गिरणीतील मजुरीपर्यंत मिळतील ती कामे केली. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले.

पुढे अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. फकिरा (१९५९) या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला. तरीही त्यांचे दारिद्र्य संपले नाही. गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले.

साहित्यातील मुंबई

मुंबईच्या लावणीत त्यांनी मलबार हिलचे वैभव व श्रमिक वस्त्यांतील हलाखी शेजारी-शेजारी ठेवली. माझी मैना गावावर राहिली या छक्कडीत पत्नीला गावी ठेवून मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडला आहे. स्मशानातील सोनं या कथेचा नायक भीमा खाणकाम बंद पडल्यावर चितेच्या राखेत सोने शोधून कुटुंब जगवतो. शहर कष्टकऱ्याला राबवून घेते, पण त्याच्या निवाऱ्याची व रोजगाराची शाश्वती देत नाही, हे या लेखनातील समान सूत्र आहे.

वारसा

१९८२च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी अन्य वापरासाठी खुल्या होण्याचा मार्ग मोकळा केला. लालबाग-परळ भागात मॉल, कार्यालये व उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आणि घरांच्या किमती न परवडल्याने अनेक कामगार कुटुंबे दूरच्या उपनगरांत गेली. चिरागनगरातील अण्णाभाऊंच्या नियोजित स्मारकाची योजनाही झोपडपट्टी पुनर्वसनाशी जोडलेली आहे. त्यामुळे त्यांच्या साहित्यातील निवाऱ्याचा प्रश्न त्यांच्याच वस्तीत पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.