लक्ष्मीबाईंनी घेतलेली मनाची झडती



पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण विवेकाची तपासणी करतो. खोटे बोललो, शेजाऱ्यावर रागावलो, रविवारची मिस्सा चुकवली, हे चटकन आठवते. मनाच्या अगदी तळाशी बसलेली गोष्ट मात्र आठवत नाही, कारण ती आपल्याला पाप वाटतच नाही. घरचे वळण, आपली रीत, अशी नावे आपण तिला देतो. अशी एक गोष्ट स्वतःच्या मनातून शोधून काढणाऱ्या आणि पुढे ती हसत हसत लिहून ठेवणाऱ्या एका बाईची ओळख आज आम्ही करून देत आहोत. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्या कॅथोलिक नव्हत्या. त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, अमेरिकन मराठी मिशनचे. पण मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांना परके मानू नये असे आम्हाला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. त्याआधी त्या घरावर एक मोठा घाव बसला होता. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यात इतके शिरले की ते सोवळे आजारच होऊन बसले. बाजारातून आणलेले मीठ आणि साखरदेखील धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. मीठ धुतले तर हाती काय उरणार? पण घरात विचारणार कोण! लहान मुलीने हे सारे पाहिले. वडिलांच्या भीतीवर सोवळ्याचे कापड पांघरलेले होते. तेच कापड लेकीच्याही अंगावर आले आणि तिला ते आपल्या कातडीसारखे वाटू लागले.

१८८० च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांच्या वयात, त्यांचे टिळकांशी लग्न झाले. टिळक बुद्धीने तेजस्वी, वृत्तीने फिरस्ते. आज इथे, उद्या तिथे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याला देऊन मोकळे. शाळा न पाहिलेल्या बायकोला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. भांडणेही खूप झाली, आणि लक्ष्मीबाईंनी ती लिहिताना आपला वाटा झाकून ठेवला नाही.

टिळक आपल्या विदर्भातही राहिले. नागपूरला त्यांनी काम केले, पुढे राजनांदगावला नोकरी धरली. १८९३ साली त्या बाजूच्या रेल्वे प्रवासात एका परदेशी प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले ते सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला ते नंतर कळले. तिच्यावर आकाश कोसळले. पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. पुढची काही वर्षे ती नातलगांच्या आधाराने पतीपासून दूर राहिली.

शेवटी त्या टिळकांकडे नगर भागात परत आल्या, पण धर्म बदलण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याला काय मोल येते हे जऊळक्याच्या आयाबहिणींना सांगायला नको. त्या पाण्यालाही शिवाशिव लागते असे मानून जगायचे म्हणजे केवढा जाच! टिळकांना जातिभेद मुळीच मान्य नव्हता, तरी त्यांनी बायकोला तिच्या रीतीने राहू दिले. जबरदस्ती केली असती तर काय झाले असते कोण जाणे. त्यांनी वाट पाहिली, ही टिळकांची आम्हाला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

मग लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर माणसामाणसांच्या देहात काही फरक दिसला असता. तो कुठे दिसतो? कुणी मिशनरी समोर बसून शिकवत नव्हता. त्या एकट्याच आपल्या मनाशी वाद घालत होत्या. त्या वादातून त्यांना उमगले की आपण ज्याला धर्म म्हणून जपत आलो ते माणसांनीच घातलेले कुंपण आहे. एकदा हे पटल्यावर त्यांनी सवड मागितली नाही. कुणाच्याही हातचे खाईन, कुणाच्याही हातचे पिईन, असे ठरवून त्या मोकळ्या झाल्या.

ध्यानात घ्या, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. जात आधी सुटली; मुलासह बाप्तिस्मा १९०० साली झाला. आपल्याकडे बरेचदा उलटे घडते. बाप्तिस्म्याचे दाखले सर्वांचे सारखे, एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद आपण घेतो, पण सोयरीक जुळवायची वेळ आली की पाहुण्यांचे मूळ कुठले याची चौकशी हळू आवाजात सुरू होते. ती चौकशी आपण कधी पापनिवेदनात सांगितली आहे का?

पुढे त्याच बाईंनी अनाथ मुले घरात घेतली, साथीच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा केली. मूल कुणाचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न आता घरात उरला नव्हता. स्वभाव मात्र सगळा बदलला नाही. फटकळपणा राहिला, भित्रेपणाही राहिला, आणि त्याही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत. आम्हाला त्या जवळच्या वाटतात त्या यामुळेच.

१९१९ साली मुंबईत टिळक वारले. ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ज्या बायकोला त्यांनी अक्षरे शिकवली तिनेच ते हाती घेऊन पुढे नेले. १९३३ साली नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदाचा मान लक्ष्मीबाईंना मिळाला.

मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानपणीचा दत्तू, याच्या प्रयत्नाने त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आज त्याची गणना होते. त्यात वडिलांच्या धुण्याचा प्रसंग वाचताना हसू येते. वडिलांवर राग धरून तो लिहिलेला नाही. घाबरलेल्या माणसाकडे पाहावे तसे त्यांनी वडिलांकडे पाहिले आहे, आणि स्वतःकडेही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या देवाघरी गेल्या तेव्हा लिखाण पुरे व्हायचे होते. उरलेली हकीकत देवदत्तांनी लिहिली.