विश्लेषण : तीस वर्षे पाण्याखाली राहिलेली कलाकृती कुणाची?

अमेरिकी कलाकार रॉबर्ट स्मिथसन यांना दालनाच्या भिंती अपुऱ्या वाटत. १९७० मध्ये युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकमध्ये त्यांनी डम्परने दगडमाती टाकून सुमारे १,५०० फुटांची वेटोळी वाट बांधली. तिचे नाव ‘स्पायरल जेटी’. दगड काळा बसाल्ट, आपल्या सह्याद्रीत असतो तसाच. काही वर्षांतच पाणी चढले, वाट बुडाली. मग जगाने ती पाहिली ती छायाचित्रांत आणि स्मिथसन यांच्याच चित्रपटात. तो काढून ठेवला हे बरेच झाले! २० जुलै १९७३ रोजी टेक्सासमधील अमॅरिलोजवळ पुढच्या कलाकृतीची जागा विमानातून पाहताना ते कोसळले. स्मिथसन अवघ्या ३५ वर्षांचे होते. ती कलाकृती पत्नी नॅन्सी होल्ट यांनी मित्रांसह पूर्ण केली. ‘जेटी’ २००२ च्या सुमारास, दुष्काळात, मिठाने पांढरी होऊन वर आली.