बर्ट मन्रो
हर्बर्ट जेम्स तथा बर्ट मन्रो (२५ मार्च, १८९९ – ६ जानेवारी, १९७८) हे न्यू झीलंडमधील मोटारसायकल शर्यतपटू होते. त्यांचा जन्म इन्व्हरकार्गिल येथे झाला. १९२० साली त्यांनी ६०० घन सेंटिमीटर क्षमतेची इंडियन स्काउट ही दुचाकी विकत घेतली. इंडियन हे अमेरिकी कंपनीचे नाव असून त्याचा भारताशी संबंध नाही. या गाडीचा मूळ कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता.

दिवसा मोटारसायकली विकणे आणि रात्री घरच्या शेडमध्ये इंजिन खोलून बसणे, हा मन्रो यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. पिस्टन ते जुन्या डब्यांच्या साच्यात स्वतः ओतीत. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या आसापासून घडविले. मूळच्या बाजूच्या झडपा काढून त्यांनी त्या सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या. झडपा उघडण्या-मिटण्याचा क्षण कॅमच्या आकारावर ठरतो. तो थोडा चुकला तरी शक्ती घटते. अधिक चुकल्यास झडप पिस्टनवर आदळून इंजिनच फुटते. दोनऐवजी चार कॅम बसविल्याने प्रत्येक झडपेची वेळ स्वतंत्रपणे जुळविणे त्यांना शक्य झाले. इंजिन अनेकदा फुटले. निकामी भाग मात्र त्यांनी वेगदेवतेला अर्पण म्हणून फळीवर मांडून ठेवले.

१९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, युटामधील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर त्यांनी १,००० घन सेंटिमीटरखालील गटात ताशी २९५.४५३ किलोमीटरचा विक्रम केला. सरासरी काढताना झालेली चूक त्यांच्या मुलाने निदर्शनास आणल्यावर २०१४ साली हा आकडा २९६.२५९ असा दुरुस्त करण्यात आला.