पेटीतले मावळे

दिवाळी सरली, की साताऱ्यात वडील किल्ल्यावरची मातीची चित्रे मोजून पेटीत ठेवायला लावत. लढाई खेळण्यात मौज, मोजदादीचा कंटाळा. एका वर्षी माझ्या हातून एक मावळा फुटला. यादीत मी मुकाट्याने ४२ हाच आकडा लिहिला.

समोर अजिंक्यतारा होता. शिवाजीमहाराजांनी तो १६७३ साली घेतला, एवढेच तेव्हा ठाऊक. चरित्र पुढे सावकाश वाचले. १६३० साली शिवनेरीवर जन्म. १६५६ साली जावळी घेऊन प्रतापगडाची उभारणी. तीन वर्षांनी त्याच गडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक आणि १६८० साली तिथेच अखेर. यातले बरेचसे आम्ही अंगणात खेळलो होतो.

खेळात नव्हती ती गडाची व्यवस्था. हवालदाराकडे दरवाजांच्या किल्ल्या, सरनोबताकडे पहारा, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्याचे कोठार. गड एकट्याच्या हाती कधीच नसे. म्हणूनच १६७७ साली महाराज पार जिंजीपर्यंत गेले, तरी मागे गड जागे राहिले. बँकेच्या सांगली शाखेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. त्या दिवसांत हा राजा मला नव्याने कळला.

यंदा सांगलीत नातवाने किल्ला केला. तीच पेटी उघडून त्याने मावळे मोजले. ४१ भरले. पुन्हा मोजले, तरी तेवढेच. त्याने माझ्याकडे पाहिले. वडील आता नाहीत. मी ४२ वर काट मारली, शेजारी ४१ लिहिले आणि नातवादेखत खाली सही केली.