जो लॅपचिक

जोसेफ लॅपचिक ऊर्फ जो लॅपचिक (१२ एप्रिल, १९०० – १० ऑगस्ट, १९७०) हे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू व प्रशिक्षक होते. ओरिजिनल सेल्टिक्स या संघाचे सेंटर म्हणून ते प्रसिद्धीस आले. निवृत्तीनंतर त्यांनी सेंट जॉन्स विद्यापीठ आणि न्यू यॉर्क निक्स या संघांना प्रशिक्षण दिले.

प्रारंभिक जीवन

लॅपचिक यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील योंकर्स येथे एका चेक स्थलांतरित कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांना लहान वयातच कामाला लागावे लागले व माध्यमिक शिक्षण पूर्ण करता आले नाही. त्यांची उंची ६ फूट ५ इंच होती. त्या काळात एवढी उंची दुर्मीळ असल्याने किशोरवयातच त्यांना पैसे घेऊन खेळण्याची संधी मिळाली.

खेळाडू म्हणून कारकीर्द

१९२३ मध्ये लॅपचिक ओरिजिनल सेल्टिक्स संघात दाखल झाले. त्या वेळच्या नियमानुसार प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू केला जाई. त्यामुळे उडवलेला चेंडू सहकाऱ्याकडे वळवू शकणाऱ्या सेंटरवर संघाचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून असे. सेल्टिक्सने १९२७ व १९२८ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. हा संघ इतका वरचढ ठरला की लीगने तो विसर्जित करून खेळाडू इतर संघांत वाटून दिले. लॅपचिक क्लीव्हलंड रोझेनब्लम्सकडे गेले आणि त्या संघानेही १९२९ व १९३० मध्ये विजेतेपद पटकावले. पुढे सेल्टिक्स पुन्हा उभा राहिला व गावोगावी सामने खेळू लागला.

सेल्टिक्सचे प्रमुख प्रतिस्पर्धी म्हणजे न्यू यॉर्क रेनेसाँ अर्थात रेन्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ. अनेक गावांत या खेळाडूंना उपाहारगृहांत व हॉटेलांत प्रवेश नसे. अशा वातावरणात लॅपचिक रेन्सचे सेंटर टार्झन कूपर यांना मैदानावर सर्वांसमक्ष आलिंगन देत असत.

सेंट जॉन्समधील पहिला कालखंड

१९३६ मध्ये बक फ्रीमन यांच्या जागी ब्रुकलिन येथील सेंट जॉन्सच्या संघाचे प्रशिक्षकपद लॅपचिक यांच्याकडे आले. स्वतः महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या खेळाडूवर आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घडविण्याची जबाबदारी आली. ते खेळ अनुभवातून शिकले होते. तो शब्दांत मांडून शिकविणे हे वेगळे काम होते. त्यातच १९३७-३८ च्या हंगामापासून प्रत्येक बास्केटनंतर चेंडू उडविण्याची पद्धत बंद झाली आणि ज्या कौशल्यावर त्यांची कीर्ती उभी होती त्याचे महत्त्व घटले. नव्या वेगवान खेळाशी त्यांनी जुळवून घेतले. १९४३ व १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे सेंट जॉन्सने नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट जिंकली.

न्यू यॉर्क निक्स

१९४७ मध्ये लॅपचिक निक्सचे प्रशिक्षक झाले. १९५१, १९५२ व १९५३ असे सलग तीन वेळा निक्सने एनबीएच्या अंतिम फेरीत धडक मारली. मात्र पहिल्या वेळी रॉचेस्टर रॉयल्सकडून व नंतर दोनदा मिनियापोलिस लेकर्सकडून त्यांना पराभव पत्करावा लागला.

१९५० मध्ये निक्सने नॅट क्लिफ्टन यांना करारबद्ध केले. एनबीएमधील पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. त्यापूर्वी ते रेन्सकडूनही खेळले होते. या निर्णयाची किंमत लॅपचिक कुटुंबाला मोजावी लागली. घरी दूरध्वनीवरून शिवीगाळ होई आणि घरासमोरच्या झाडाला लॅपचिक यांचा पुतळा फासावर लटकवण्यात आला होता, असे त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी पुढे सांगितले आहे. सततच्या तणावाचा प्रकृतीवर परिणाम झाल्याने १९५६ मध्ये लॅपचिक यांनी निक्स सोडले.

सेंट जॉन्समध्ये पुनरागमन

त्याच वर्षी ते सेंट जॉन्समध्ये परतले. दरम्यान, १९५१ मध्ये जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचा फरक ठरविल्याबद्दल न्यू यॉर्कमधील काही महाविद्यालयांच्या खेळाडूंना अटक झाली होती. लॅपचिक यांनी या प्रकरणाच्या बातम्यांची कात्रणे एका वहीत चिकटवून ठेवली होती. ती वही ते आपल्या खेळाडूंना वाचावयास देत, जेणेकरून क्षणिक मोहापायी आयुष्य कसे उद्ध्वस्त होते हे त्यांना कळावे.

१९५९ मध्ये संघाने पुन्हा नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट जिंकली. विद्यापीठाच्या नियमानुसार वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्ती अनिवार्य असल्याने १९६४-६५ चा हंगाम लॅपचिक यांचा अखेरचा ठरला. या हंगामात संघाने बलाढ्य मिशिगनला ७५-७४ असे नमविले. मार्च १९६५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर व्हिलानोवाचा ५५-५१ असा पराभव करून सेंट जॉन्सने चौथ्यांदा ही स्पर्धा जिंकली आणि लॅपचिक यांना विजयी निरोप दिला. त्यांचे सहायक लू कार्नेसेका हे त्यांचे उत्तराधिकारी झाले.

सन्मान व वारसा

ओरिजिनल सेल्टिक्स संघाचा १९५९ मध्ये, तर लॅपचिक यांचा खेळाडू म्हणून १९६६ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. १० ऑगस्ट, १९७० रोजी न्यू यॉर्क राज्यातील मॉन्टिसेलो येथे त्यांचे निधन झाले. रिचर्ड लॅपचिक यांनी पुढे क्रीडाक्षेत्रातील वर्णभेदाविरुद्धच्या कार्याला वाहून घेतले.